हॉर्न, मोटारगाडीचा

मोटारगाडी व इतर यांत्रिक वाहने यांच्या आगमनाची किंवा त्यांच्यापासून संभवणाऱ्या धोक्याची सूचना रस्त्यावरील इतरांना देण्याकरिता वाहनावर बसविलेले ध्वनिसाधन. मराठीत यास भोंगा किंवा कर्णा असेही म्हणतात. तथापि ‘हॉर्न’ हाच शब्द रूढ झालेला आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘शिंग’ असा असून जनावराच्या शिंगापासून केलेल्या फुंकवाद्याशी असलेले या साधनाचे नाते त्यातून सूचित होते. साधन जगभर जवळजवळ एकच असले, तरी ते केव्हा, किती वेळ व कशासाठी वाजवावयाचे, यांविषयीचे संकेत देशोदेशी भिन्न आहेत. एका देशात जो नाद उर्मटपणाचा समजला जातो, तोच दुसऱ्या देशात सौजन्याचा मानला जातो. प्रस्तुत नोंदीत साधनाच्या रचनेपेक्षा त्याच्या वापरातील या भेदांचा व त्यांमागील कारणांचा मुख्यत्वे विचार केला आहे.

रचना : आरंभीच्या मोटारगाड्यांना रबरी फुगा दाबून वाजवावयाचा पितळी भोंगा असे. हवेच्या झोताने त्यातील पातळ जिव्हाळी कंप पावे व नळीमुळे तिचा नाद मोठा होई. आजच्या विद्युत् हॉर्नमध्ये पोलादी पत्र्याचे लवचिक पटल, त्यामागे विद्युत् चुंबक व विद्युत् मंडल जोडणारे आणि तोडणारे स्पर्शक असतात. चालकाने कळ दाबली म्हणजे चुंबक पटलाला ओढून घेतो. त्याच क्षणी स्पर्शक विलग होऊन मंडल तुटते, चुंबकत्व नाहीसे होते व पटल मागे येते. पटल मागे येताच मंडल पुन्हा जुळते. ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडून सलग नाद निर्माण होतो. चारचाकी गाडीत पुष्कळदा दोन हॉर्न एकत्र वाजतात. त्यांची मूळ कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) सु. ४०० व सु. ५०० असल्यास दोन नादांचे नाते षड्ज व शुद्ध गांधार यांच्यासारखे होते. त्यामुळे तो नाद एकाकी सुरापेक्षा भरीव वाटतो आणि गोंगाटातही वेगळा ओळखू येतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या २८ क्रमांकाच्या विनियमानुसार मोटारगाडीच्या हॉर्नची तीव्रता गाडीसमोर ७ मी. अंतरावर ९३ ते ११२ डेसिबेल असावी लागते. हॉर्नच्या ध्वनीतील १,८०० ते ३,५५० हर्ट्‌झ या पट्ट्यातील अंश प्रबळ असावा, अशीही अट त्यात आहे. मानवी कान या पट्ट्यात फार संवेदनशील असतो. हॉर्न कर्कश वाटतो, तो निर्मात्याच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. तो तसा वाटावा, अशीच योजना असते.

इतिहास : वाहनाने स्वतःच्या येण्याची वर्दी द्यावी, ही अपेक्षा मोटारगाडीच्या आधीची आहे. ब्रिटनमध्ये १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरून जाणाऱ्या वाफेच्या गाडीपुढे किमान ६० यार्डांवर तांबडे निशाण घेतलेला माणूस चालणे बंधनकारक होते. १८९६ च्या कायद्याने हलक्या यांत्रिक गाड्यांची या निर्बंधांतून सुटका झाली. पण गाडीवर घंटा किंवा पुरेशी श्राव्य सूचना देणारे अन्य साधन असावे, अशी अट त्याच कायद्याने घातली. पुढे चालणाऱ्या माणसाची जागा अशा रीतीने आवाजाने घेतली. यात एक महत्त्वाचे स्थित्यंतर दडलेले आहे : निशाणाच्या व्यवस्थेत गाडीला माणसाच्या चालीने जावे लागे, तर हॉर्नच्या व्यवस्थेत माणसाला गाडीसाठी बाजूस सरावे लागे.

अमेरिकन संशोधक मिलर रीझ हचिसन यांनी तयार केलेला ‘क्लॅक्सन’ हा विद्युत् हॉर्न १९०८ मध्ये बाजारात आला. लहान विद्युत् चलित्राने फिरणारे दंतचक्र पटलावरील खुंटीवर घासून त्यातून निघणारा त्याचा खरखरीत आरडाओरडा अल्पावधीत जगभर परिचित झाला. ‘किंचाळणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून घेतलेले हे व्यापारी नाव पुढे अनेक भाषांत सामान्यनाम बनले. फ्रेंच, इटालियन, पोलिश, रशियन, इंडोनेशियन व जपानी या भाषांत हॉर्नला आजही त्याच नावाच्या रूपांतरांनी ओळखतात. बहिऱ्यांसाठीचे विद्युत् श्रवणयंत्रही हचिसन यांनीच तयार केले होते. आधी बहिरे करावयाचे व मग यंत्र विकावयाचे, असा विनोद त्यामुळे त्यांच्याविषयी प्रचलित झाला. जॉर्ज गर्श्विन यांनी ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ (१९२८) या वाद्यवृंदरचनेत टॅक्सीच्या चार हॉर्नांचा वाद्य म्हणून उपयोग केला. त्या काळी पॅरिसचे वातावरण उभे करण्यासाठी हॉर्नचा नाद पुरेसा होता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वापराचे संकेत : बहुतेक देशांच्या कायद्यांत हॉर्नविषयीचा मूळ विचार एकच आढळतो. रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार हॉर्न अपघात टाळण्यासाठी द्यावयाची सूचना म्हणूनच वाजविता येतो. वस्तीबाहेर मात्र ओलांडून पुढे जाताना पुढील चालकास सावध करण्यासाठी तो वाजविण्यास मुभा आहे. जर्मनी व फ्रान्स येथील नियम याच धाटणीचे आहेत. ब्रिटनमध्ये थांबलेल्या गाडीचा हॉर्न वाजविण्यास, तसेच वस्तीच्या भागात रात्री ११·३० ते सकाळी ७ या वेळात तो वाजविण्यास मनाई आहे. दुसऱ्या वाहनापासून धोका उद्‌भवल्यास थांबलेल्या गाडीला तेवढी सूट मिळते. इटलीच्या कायद्यातही वस्तीत तात्काळ धोक्याखेरीज हॉर्न वाजविता येत नाही; परंतु जखमी वा अत्यवस्थ रुग्णाला नेणाऱ्या चालकाला ही मनाई लागू नाही. कायद्याची अक्षरे सारखी असली, तरी आचरण सारखे नसते. ब्रिटन किंवा जर्मनी येथे हॉर्न क्वचितच ऐकू येतो व ऐकू आलाच, तर तो बहुधा दोषारोप म्हणून घेतला जातो. दक्षिण युरोपात तोच नाद ओळखीच्या माणसाला दिलेली हाक किंवा पुढच्याला केलेली घाई असू शकतो.

जपानमधील संकेत विशेष सूक्ष्म आहेत. तेथील १९६० च्या कायद्यानुसार, ‘हॉर्न वाजवा’ असा फलक लावलेल्या जागी, म्हणजे मुख्यतः पुढचे दिसत नाही अशा डोंगरी वळणांवर, हॉर्न वाजविणे सक्तीचे आहे. अन्यत्र धोका टाळण्यास अपरिहार्य असल्याशिवाय तो वाजविणे हाच गुन्हा आहे. प्रत्यक्षात वाट दिल्याबद्दल आभार मानण्यासाठी एक अगदी आखूड नाद देण्याची चाल तेथे आढळते. ती नियमाला धरून नसल्याने मागील इशारादिवे क्षणभर लुकलुकवून आभार व्यक्त करण्याची पद्धतही प्रचारात आहे. याहून वेगळा प्रसंग अंत्ययात्रेचा होय. शववाहिका निघते त्या वेळी चालक एकच दीर्घ नाद देतो व जमलेले लोक मान लववून मृताला निरोप देतात. दाट वस्तीत शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अलीकडे हा नाद पुष्कळदा टाळला जातो. एरवी संयमाने वापरले जाणारे साधनच अशा गंभीर क्षणी अर्थपूर्ण होऊ शकते. दिवसभर कानीकपाळी वाजणाऱ्या हॉर्नला निरोपाचे गांभीर्य लाभणे कठीण.

कैरो शहरातील व्यवहार याच्या अगदी उलट टोकाचा आहे. तेथे हॉर्न ही जवळजवळ एक बोली आहे. आखूड व दीर्घ नादांच्या ठराविक लयींतून अभिवादन, आभार, विनवणी, एवढेच नव्हे तर शिवीही व्यक्त होते आणि ऐकणाऱ्याला ती नेमकी कळते. लग्नाच्या वरातीच्या गाड्या एक विशिष्ट ठेका धरून जातात. वरातीत हॉर्न वाजविण्याची चाल तुर्कस्तान, फ्रान्स, जर्मनी, पोलंड इ. अनेक देशांत आहे. फुटबॉलच्या मोठ्या विजयानंतर निघणाऱ्या गाड्यांच्या मिरवणुकीही सर्वपरिचित आहेत. इंडोनेशियात लांब पल्ल्याच्या बसगाड्यांना सुरावट वाजविणारे, ‘तेलोलेट’ या ध्वन्यनुकारी नावाचे हॉर्न असत. रस्त्याकडेला उभी राहून बसचालकाला ते वाजविण्याची विनंती करणारी मुले २०१६ च्या अखेरीस जगभर प्रसिद्ध झाली. त्यांच्या ‘ओम तेलोलेट ओम’ या आर्जवाचा अर्थ ‘काका, तेलोलेट वाजवा ना’ असा होतो. या हॉर्नसाठी लागणारी दाबाखालील हवा गतिरोधकाच्या यंत्रणेतून घेतली जाण्याचा धोका असल्याने तेथील परिवहन खात्याने पुढे त्यास हरकत घेतली.

हॉर्नद्वारे मतप्रदर्शन करण्याचा हक्क आहे काय, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार सुरक्षिततेला वाजवी रीत्या आवश्यक असेल तेव्हाच हॉर्न वाजविता येतो. निदर्शकांना पाठिंबा देण्यासाठी हॉर्न वाजविणाऱ्या चालकाच्या प्रकरणात नवव्या मंडल अपील न्यायालयाने २०२३ मध्ये हा निर्बंध वैध ठरविला. असा नाद हे मतप्रदर्शन असू शकते, हे मान्य करूनही धोक्याच्या सूचनेचे मूल्य टिकविण्यात राज्याला रास्त हितसंबंध आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

भारत : भारतीय रस्त्यांवर हॉर्नला सोपविलेले काम अन्य देशांतील हॉर्नपेक्षा व्यापक आहे. येथे एकाच रस्त्यावर मालमोटारी, बसगाड्या, रिक्षा, दुचाक्या, सायकली, हातगाड्या, गुरे व पदपथाअभावी रस्त्यावर उतरलेले पादचारी एकत्र चालतात. नोंदणी झालेल्या वाहनांत सु. तीन-चतुर्थांश दुचाक्या आहेत व त्या मिळेल त्या फटीतून पुढे सरकतात. वाहतुकीच्या पट्ट्यांची शिस्त सैल असल्यामुळे बाजूला कोण आहे, हे आरशावरून वा आखलेल्या रेषांवरून ठरविता येत नाही. पट्टे, आरसे, इशारादिवे व पदपथ यांनी मिळून करावयाचे काम मग एकट्या हॉर्नला करावे लागते. येथील आखूड नादाचा अर्थ पुष्कळदा ‘मी येथे आहे’ एवढाच असतो. त्यात राग नसतो व ऐकणाराही तो रागाने घेत नाही. परदेशी प्रवाशाची गल्लत होते ती येथे. मराठीत ‘हॉर्न देणे’ व ‘हॉर्न मारणे’ असे दोन्ही प्रयोग चालतात. पहिल्यात वर्दी आहे, तर दुसऱ्यात प्रहार आहे आणि रस्त्यावर या दोहोंतील सीमारेषा फार लवकर पुसली जाते.

मालमोटारींच्या मागे रंगविलेली ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे याच परिस्थितीतून आली. अरुंद, एकपदरी रस्ते, मागचे काही दिसू न देणारी उंच हौद्याची गाडी व पुष्कळ जुन्या मालमोटारींना नसलेला डावीकडचा आरसा यांमुळे मागून ओलांडणाऱ्याने आवाज देणे ही चालकाची खरीखुरी गरज होती. मधल्या ‘ओके’विषयी अनेक आख्यायिका सांगितल्या जातात, त्यांपैकी एकीलाही भक्कम पुरावा नाही. अनावश्यक हॉर्न वाजविण्यास या अक्षरांनी उत्तेजन मिळते, या कारणावरून महाराष्ट्र शासनाच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये व्यापारी वाहनांवर ती लिहिण्यास मनाई केली. मनाईनंतरही ती अक्षरे दिसत राहिली आहेत. घाटांतील गरज मात्र अजून संपलेली नाही. सह्याद्रीतील घाटरस्त्यांच्या आंधळ्या वळणांवर ‘हॉर्न वाजवा’ हे फलक योग्यच ठरतात. भारतीय वाहतूक चिन्हांत हॉर्न सक्तीचा व हॉर्न निषिद्ध अशी दोन्ही चिन्हे आहेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी निरनिराळे सूर एकामागून एक काढणारे व अवाजवी कर्कश हॉर्न निषिद्ध ठरविले आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्याभोवतीचे किमान १०० मी. चे क्षेत्र शांतता क्षेत्र घोषित करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात हॉर्न वाजविण्यास मनाई केली व २०१० च्या दुरुस्तीने ती नियमांत आली. विनाकारण वा निषिद्ध क्षेत्रात हॉर्न वाजविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रथम १,००० रु. व पुढील प्रत्येक वेळी २,००० रु. दंड आहे. नियमांची उणीव नाही. उणीव आहे ती अंमलबजावणीची. हॉर्न कोणी वाजविला, हे गर्दीत सिद्ध करणे पोलिसाला अवघड जाते. मुंबई पोलिसांनी या अडचणीवर एक कल्पक तोड काढली. त्यांनी काही चौकांतील सिग्नलला ध्वनिमापक जोडला व आवाज ८५ डेसिबेलच्या वर गेला की तांबड्या दिव्याचा अवधी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, अशी व्यवस्था केली. या प्रयोगाची चित्रफीत २०२० च्या आरंभी प्रसृत झाली व सर्वत्र गाजली. हॉर्न वाजविल्याने दिवा लवकर हिरवा होत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. येथे तो उशिरा होऊ लागला. भारतीय वाद्यांचे सूर असलेले हॉर्न वापरावेत, अशी कल्पना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये मांडली. श्रवणसुखाच्या दृष्टीने ती आकर्षक असली, तरी धोक्याची सूचना कानाला गोड लागल्यास तिचे प्रयोजन कितपत साधेल, अशी शंका राहते.

मिझोरमची राजधानी ऐझॉल ही या बाबतीत उल्लेखनीय होय. चढउतारांचे अरुंद रस्ते व वाहनांच्या लांब रांगा असूनही तेथे हॉर्न जवळजवळ ऐकू येत नाही. दुचाक्या व मोटारी आपापल्या रांगा धरून चालतात आणि रांग मोडणे समाजाला रुचत नाही. भारतीय चालकाला हॉर्नवाचून चालतच नाही, या समजुतीला हे देशातीलच उत्तर आहे.

भेदांची कारणे : या भेदांचे स्पष्टीकरण राष्ट्रीय स्वभावाच्या आधारे देण्याचा मोह होतो. त्यास थोडाफार आधारही आहे. मानसशास्त्रज्ञ जोसेफ फॉर्गस यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार युरोपीय देशांत हिरवा दिवा लागल्यावरही एक गाडी मुद्दाम थांबवून ठेवली व मागचा चालक किती वेळात हॉर्न वाजवितो, हे मोजले. इटालियन चालकांनी सर्वांत लवकर, सु. ५ सेकंदांत हॉर्न वाजविला. त्यांच्यामागून स्पॅनिश व फ्रेंच आणि सर्वांत शेवटी, सु. साडेसात सेकंदांनी, जर्मन चालकांचा क्रम लागला. परंतु सर्वांत उतावीळ व सर्वांत सोशिक यांच्यातील हे अंतर जेमतेम अडीच सेकंदांचे आहे. एकाच देशातील चालकही परिस्थितीनुसार कसे बदलतात, हे अधिक उद्‌बोधक आहे. अँथनी डूब व ॲलन ग्रॉस यांनी कॅलिफोर्नियात केलेल्या प्रयोगात (१९६८) पुढची गाडी जुनीपुराणी असताना ८४ टक्के चालकांनी बारा सेकंदांच्या आत हॉर्न वाजविला. गाडी नवी व महागडी असताना हे प्रमाण ५० टक्के भरले. ॲरिझोनातील फीनिक्स येथे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाचा ताप वाढेल तसे हॉर्न वाजविणे वाढले व गाडीच्या खिडक्या उघड्या असलेल्या, म्हणजे बहुधा वातानुकूलन नसलेल्या चालकांत ही वाढ अधिक ठळक होती. म्हणजे हॉर्न वाजविणाऱ्याचा हात त्याच्या राष्ट्रीयत्वाइतकाच पुढच्याची प्रतिष्ठा व हवेतील उष्मा यांनीही हलतो.

स्वभाववादी स्पष्टीकरणाला अधिक मोठा धक्का इतिहासाने दिला आहे. ब्रिटिश माणूस आज शांत रस्त्याचा आदर्श समजला जातो. परंतु लंडनमध्ये रात्रीच्या हॉर्नला आळा घालण्यासाठी १९३४ मध्ये परिवहन मंत्री लेस्ली होर-बलीशा यांना खास बंदी आणावी लागली. पॅरिसची कथा याहून बोलकी आहे. गर्श्विन यांना टॅक्सीचा हॉर्न हाच जिचा सूर वाटला, त्या नगरीत पोलीसप्रमुख आंद्रे द्युब्वा यांनी ऑगस्ट १९५४ पासून धोक्याच्या प्रसंगाखेरीज हॉर्न वाजविण्यास बंदी केली. पॅरिसच्या चालकाला हे जमणार नाही, अशी सार्वत्रिक अटकळ होती. पण शहर जवळजवळ रातोरात शांत झाले व ते चालकच, त्याच गाड्यांनिशी, त्याच रस्त्यांवर वावरत राहिले. काठमांडूमध्ये नेपाळी नववर्षदिनी, १४ एप्रिल २०१७ रोजी, अशीच बंदी अंमलात आली व तेथील रस्त्यांवरील आवाजात लोकांना जाणवण्याइतका फरक पडला. याउलट न्यूयॉर्कमध्ये महापौर ला ग्वार्दिया यांनी १९३५ मध्ये रात्रीच्या शांततेची मोहीम काढली होती; पुढे हॉर्न वाजविल्यास ३५० डॉलर दंडाची धमकी देणारे फलकही लागले; परंतु दंड क्वचितच होई आणि २०१३ मध्ये निरुपयोगी ठरलेले हे फलक उतरविण्यास नगरपालिकेने सुरुवात केली. पॅरिसमध्ये सर्वांनी एकाच दिवशी हॉर्न सोडला, हे तेथील यशाचे मर्म दिसते. इतर सर्व वाजवीत असताना एकट्याने गप्प राहणारा चालक खरोखरच असुरक्षित असतो; सर्वच गप्प झाले, म्हणजे ही असुरक्षितता उरत नाही.

परिणाम : जेथे हॉर्न सतत वाजतो, तेथे त्याची सूचना म्हणून असलेली किंमत घटते. कानाला सवय होते, सवय झालेल्या कानाला जागविण्यासाठी अधिक मोठा किंवा बदलत्या सुराचा हॉर्न बसविला जातो व तोही कालांतराने निष्प्रभ होतो. हॉर्नच्या टिकाऊपणाच्या चाचणीत एकेक सेकंदाचा नाद ५०,००० वेळा देण्याची अट उपरोक्त विनियमात आहे. दिवसाला दोनशे वेळा हॉर्न वाजविणाऱ्या चालकाच्या हाती हे आयुष्य अडीचशे दिवसांत सरेल. ८५ डेसिबेल पातळीचा ध्वनी दिवसाला ८ तासांपर्यंत व १०० डेसिबेलचा केवळ १५ मिनिटांपर्यंत सहन करावा, अशी व्यावसायिक आरोग्याची एक मान्य शिफारस आहे. गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा आरंभ बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास होतो व बोलण्यातील बराचसा भाग त्याखालील पट्ट्यात असल्यामुळे रोग्याला तो प्रथम जाणवत नाही. चौकात दिवसभर उभा राहणारा वाहतूक पोलीस, रिक्षाचालक व रस्त्याकडेचा विक्रेता यांना याची झळ सर्वाधिक लागते. काचा बंद करून हॉर्न वाजविणाऱ्याला ती कमीत कमी लागते. [⟶ ध्वनिप्रदूषण].

विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे या विषयाला नवे वळण मिळाले आहे. मंद वेगात त्यांचा आवाज जवळजवळ होत नसल्याने अंध व अन्य पादचाऱ्यांना त्यांची चाहूल लागत नाही. यावर वारंवार हॉर्न वाजविण्याचा उपाय न करता, गाडीनेच मंद वेगात आपोआप सौम्य ध्वनी करावा, असे १३८ क्रमांकाच्या विनियमाने सुचविले. युरोपीय संघात जुलै २०२१ पासून नव्याने नोंदविल्या जाणाऱ्या अशा सर्व गाड्यांना, ताशी २० किमी. वेगापर्यंत व मागे जाताना, हा ध्वनी सक्तीचा आहे. चालकाला तो वाढविता किंवा लांबविता येत नाही.